संगणकांची इर्जिक

शेतकऱ्यांच्या बोलींत ‘इर्जिक’ म्हणून एक शब्द आहे. शहरांतील पुष्कळ श्रोत्यांच्या कानांवर तो आला नसेल, म्हणून प्रथम त्याचाच अर्थ सांगतों. एखाद्याची नांगरट मागें पडली, पाऊस तर तोंडावर आला, आणि घरचें एकच औत त्या कामास पुरें पडेना, अशा वेळीं गांवांतले दहा शेतकरी आपापलीं औतें व बैल घेऊन त्याच्या बांधावर येतात. दहा नांगर एकाच वेळीं चालूं लागतात. दिवेलागणीच्या आंत रान नांगरून होतें, मालक सर्वांस पोटभर जेवूं घालतो, आणि जो तो आपल्या घरीं जातो. मजुरी कोणी मागत नाहीं. आज तुझें, उद्यां माझें, एवढाच काय तो करार.

आज ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो या इर्जिकेचाच एक नवा प्रकार आहे. फरक इतकाच कीं, येथें औतांच्या जागीं संगणक आहेत, बांधांच्या जागीं तारांचें जाळें आहे, आणि नांगरावयाचें रान म्हणजे एक चलच्चित्र आहे. एका संगणकास पन्नास दिवस लागतील असें काम दहा संगणकांत वांटून पांच दिवसांत कसें उरकावें, वांटणी करतांना कोणत्या अडचणी येतात, आणि त्या कशा निवाराव्या, हें मी सांगणार आहें. हें सर्व हिंगोली जिल्ह्याच्या संबंधांत कां सांगावयाचें, त्याचें कारणही ओघानें येईल.

प्रथम काम कोणतें, तें पाहूं. संगणकावर चलच्चित्र करणारा कलावंत कागदावर रेषा ओढीत नाहीं. तो यंत्राला केवळ वर्णन देतो: येथें देवळाचें शिखर आहे, त्याचा दगड काळा व खडबडीत आहे, सूर्य डावीकडे कलला आहे, पाहणाराचा डोळा अमुक उंचीवर आहे. या वर्णनावरून चित्राच्या प्रत्येक ठिपक्यावर किती व कोणत्या रंगाचा प्रकाश येईल याचें गणित यंत्र करतें, आणि गणित पुरें झालें म्हणजे चित्र दिसूं लागतें. या गणितास रेंडरिंग असें नांव आहे. आपण त्याला चित्र उतरविणें म्हणूं. दगडावरचा प्रकाश पाण्यांत पडतो, पाण्यांतला पुन्हा दगडावर येतो. असे लक्षावधि किरण मोजावयाचे असल्यामुळें एकेका चित्रास कांहीं मिनिटें, आणि प्रसंगीं कांहीं तासही लागतात.

चलच्चित्रांत एका सेकंदास अशीं २४ चित्रें डोळ्यांसमोरून जातात. पांच मिनिटांच्या लहानशा चित्रपटास ७,२०० चित्रें हवींत. एका चित्रास दहा मिनिटें धरलीं तर ७२,००० मिनिटें, म्हणजे १,२०० तास, म्हणजे अहोरात्र पन्नास दिवस झाले. इतके दिवस एक संगणक न थांबतां चालेल, वीज जाणार नाहीं, आणि शेवटीं सूर्य चुकीच्या बाजूस ठेवला होता असें लक्षांत येणार नाहीं, एवढा भरंवसा कोण देईल? पण या कामाचा एक मोठा गुण आहे. पांचशेंवें चित्र उतरविण्यास त्याच्या मागचें चित्र तयार असावें लागत नाहीं. नांगरट जशी शेताच्या कोणत्याही कोपऱ्यापासून सुरू करतां येते, तसेंच हें. म्हणूनच येथें इर्जिक घालतां येते. दहा यंत्रांनीं तेंच काम पांच दिवसांत होतें. विजेचा खर्चही त्यामुळें दसपट होत नाहीं. एक संगणक काम करतांना दोनशें वॅट वीज घेतो असें समजूं. १,२०० तासांचे २४० युनिट होतात. ते एका यंत्रानें पन्नास दिवसांत घेतले काय किंवा दहा यंत्रांनीं पांच दिवसांत घेतले काय, आंकडा तोच.

मोठ्या संस्था हें तत्त्व कधींच ओळखून आहेत. १९९५ सालीं अमेरिकेंतील पिक्सार या संस्थेचा ‘टॉय स्टोरी’ हा सर्वस्वीं संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर आला. त्याचीं १,१४,२४० चित्रें उतरविण्यास ११७ संगणक अहोरात्र राबत होते. पुढें २०१४ सालीं ‘इंटरस्टेलर’ हा चित्रपट निघाला. त्यांत एक कृष्णविवर दाखवावयाचें होतें. ज्यांतून प्रकाशही बाहेर पडत नाहीं त्याचें चित्र काढावयाचें कसें? किप थॉर्न या पदार्थविज्ञानाच्या आचार्यांनीं आईन्स्टाईनच्या सिद्धान्तावरून समीकरणें मांडून दिलीं, आणि लंडनच्या डबल निगेटिव्ह या संस्थेच्या मंडळींनीं त्यांवरून चित्रें उतरविलीं. एकेका मोठ्या चित्रांत सुमारें २ कोटि ३० लक्ष ठिपके होते. संस्थेच्या शेतांत — अशा यंत्रसमूहास ते लोकही ‘शेत’च म्हणतात — सोळाशेंहून अधिक संगणक होते, आणि त्यांपैकीं कित्येक शें याच एका कामास जुंपले जात. तरीसुद्धां कांहीं चित्रांना शंभर शंभर तास लागले. ह्याच डबल निगेटिव्हचें त्याच वर्षीं मुंबईच्या प्राइम फोकस या संस्थेशीं एकीकरण झालें, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां हिंगोलीकडे वळूं. हे जे किप थॉर्न, त्यांना २०१७ सालीं रेनर वाइस व बॅरी बॅरिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. तें चित्रपटासाठीं नव्हतें. गुरुत्वलहरी पकडणारी ‘लायगो’ नांवाची प्रयोगशाळा उभारण्यासाठीं होतें. आणि त्याच लायगोची भारतांतील शाखा उभारण्यासाठीं जी भूमि निवडण्यांत आली ती हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथाजवळ आहे. आजवर औंढा म्हटलें कीं नागनाथाचें प्राचीन देवालय, आणि नर्सी म्हटलें कीं नामदेवांचें जन्मस्थान, एवढाच या जिल्ह्याचा लौकिक दूरवर पोहोंचला होता. केंद्र सरकारनें २०१६ च्या फेब्रुवारींत या योजनेस तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. आणि ११ मे २०२३ रोजीं तिची कोनशिला बसविण्यांत आली. काटकोनांत पसरलेल्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून धांवणारा लेसरचा प्रकाश, आणि अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म असा अंतरांतील फरक टिपण्याची त्याची शक्ति, असें हें यंत्र आहे. त्याला शांत जमीन लागते, आणि ती येथें मिळाली.

लायगो स्वतःच एक इर्जिक आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं जी पहिली लहर सांपडली ती अमेरिकेंतील लिव्हिंग्स्टन येथील यंत्रावर आधीं उमटली आणि सुमारें तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या हॅन्फर्डच्या यंत्रावर सात सहस्रांश सेकंदांनीं मागाहून उमटली. एकच यंत्र असतें तर तो भूमीचा एखादा हेलकावा नव्हता हें निश्चयानें सांगतां आलें नसतें. लहर आकाशाच्या कोणत्या दिशेनें आली हें ठरविण्यास तर दूरदूरचीं अनेक यंत्रें हवींतच. म्हणूनच इटली व जपान यांच्या जोडीला भारतांतलें यंत्र हवें आहे.

मग त्या यंत्रांनीं टिपलेल्या कुजबुजींतून लहर ओळखावयाची कशी? दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं तर लहरीचा आकार कसा असेल याचे नमुने आधीं गणितानें तयार करून ठेवतात, आणि आलेली नोंद एकेका नमुन्याशीं ताडून पाहतात. या नमुन्यांची निवड कशी करावी याचा पाया घालण्यांत पुण्याच्या आयुका या संस्थेंतील डॉ. संजीव धुरंधर व डॉ. बी. एस. सत्यप्रकाश यांच्या १९९१ च्या कामाचा मोठा वांटा आहे. पहिल्या लहरीच्या शोधाच्या वेळीं सुमारें अडीच लक्ष नमुने ताडून पाहिले गेले. आतां पाहा: एक नमुना ताडण्यास दुसरा ताडून झालेला असावा लागत नाहीं. म्हणजे हें काम चित्रें उतरविण्यासारखेंच स्वतंत्र तुकड्यांचें आहे. आयुकेमध्यें ‘सारथी’ नांवाचा संगणकसमूह याच कामासाठीं उभारलेला आहे. चलच्चित्रासाठीं दहा यंत्रें नीट जुंपावयास जो शिकला, त्याला या मोठ्या कामाची पहिली इयत्ता येऊन चुकली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

म्हणून असें समजूं कीं, हिंगोली, वसमत, कळमनुरी किंवा सेनगांव येथील एखाद्या महाविद्यालयांत दहा संगणकांची एक खोली आहे. सायंकाळीं पांच वाजतां तिला कुलूप लागतें आणि सकाळीं नऊ वाजतां तें निघतें. सोळा तास यंत्रें निजून असतात. आपल्या पांच मिनिटांच्या चित्रपटास १,२०० तास हवेत; दहा यंत्रांत प्रत्येकाच्या वांट्यास १२० तास आले; सोळा सोळा तासांच्या आठ रात्रींत काम पुरें होतें. नवीन यंत्र एकही विकत घ्यावयास नको.

यासाठीं लागणारीं साधनेंही फुकट मिळतात. ब्लेंडर नांवाचा चित्रकामाचा प्रोग्रॅम विनामूल्य आहे, आणि २००२ सालापासून त्याची मूळ संहिताही सर्वांस खुली आहे. त्याच मंडळींनीं केलेला फ्लेमेंको नांवाचा दुसरा प्रोग्रॅम कामाची वांटणी करतो. त्याचे दोन भाग आहेत. एक व्यवस्थापक, तो एकाच यंत्रावर बसवावयाचा. दुसरा कामकरी, तो प्रत्येक यंत्रावर बसवावयाचा. व्यवस्थापक स्वतः चित्रें उतरवीत नाहीं. तो चित्रांचे लहान लहान गट पाडतो, ज्या कामकऱ्याचे हात रिकामे असतील त्याला एक गट देतो, आणि एखादा कामकरी मध्येंच गप्प झाला तर त्याचें काम दुसऱ्याकडे सोंपवितो. मुकादम जो करतो तेंच. या दोघांशिवाय तिसरी वस्तु हवी ती सामाईक कोठाराची: जाळ्यावरील एक असा फोल्डर कीं, ज्यांतून सर्व यंत्रांना चित्राचें वर्णन वाचतां येईल व ज्यांत सर्वांना तयार चित्रें ठेवतां येतील.

फ्लेमेंकोचीही खटपट नको असेल त्यांच्यासाठीं याहून सोपी एक युक्ति आहे. ब्लेंडरमध्यें चित्रें कोठें ठेवावयाचीं हें जेथें ठरवितात तेथें दोन खुणा असतात. जुन्या चित्रावर नवें लिहूं नये ही एक, आणि जें चित्र हातीं घेतलें त्याच्या नांवाची रिकामी फाइल आधींच ठेवून द्यावी ही दुसरी. या दोन खुणा करून दहाही यंत्रांवर एकच फाइल उघडावी व काम सुरू करावें. प्रत्येक यंत्र कोठारांत डोकावतें, जें चित्र कोणी घेतलेलें नाहीं तें घेतें, आणि पुढें जातें. मुकादम नाहीं, तरी दोघांच्या हातीं एक काम सहसा येत नाहीं. मात्र एक पथ्य दोन्ही रीतींत पाळावें: यंत्रांकडून सुटीं सुटीं चित्रेंच घ्यावींत, सलग चलच्चित्राची एक फाइल मागूं नये. सुटीं चित्रें असलीं म्हणजे वीज गेली तरी हातांतलें एकेक चित्र तेवढें वायां जातें. झालेलें झालेलेंच राहतें. शेवटीं चित्रें ओंवून माळ करणें हें कांहीं मिनिटांचें काम आहे.

येथवर सर्व सोपें वाटलें असेल. परंतु पहिल्या रात्रीं ही मांडणी निमूटपणें चालली असें फार क्वचित् घडतें. सकाळीं कुलूप काढावें तों सात यंत्रें थांबलेलीं, एकानें शंभर चित्रें काळीं उतरविलेलीं, आणि दुसऱ्यानें देवळाचा दगड गुलाबी करून ठेवलेला, असा देखावा दिसतो. अशा वेळीं हाताला येईल तें बटन दाबूं नये. आधीं एकच प्रश्न विचारावा: बिघाड यंत्राबरोबर फिरतो कीं चित्राबरोबर फिरतो? बिघडलेलीं चित्रें कोणत्या यंत्रानें उतरविलीं याची नोंद व्यवस्थापकाकडे असते. तीं सर्व एकाच यंत्राचीं निघालीं तर दोष त्या यंत्राचा. तेंच तें चित्र जें यंत्र हातीं घेतें तेथें अडत असेल तर दोष चित्राच्या वर्णनाचा. आणि सर्वच यंत्रें सर्वच चित्रांवर अडत असतील तर दोष कोठाराचा किंवा व्यवस्थापकाचा. वैद्य नाडी पाहिल्यावांचून काढा देत नाहीं. तसाच हा प्रश्न आधीं सोडवून मगच पुढें जावें.

यंत्राचे दोष प्रथम घेऊं. त्यांत पहिला मान पत्त्याचा. एका यंत्रावर कोठाराला ‘झेड’ ड्राइव्ह असें नांव दिलेलें असतें, दुसऱ्यावर ‘वाय’, आणि लिनक्सच्या यंत्रावर मुळीं अक्षरच नसतें. वर्णनांत लिहिलेलें असतें कीं दगडाचें चित्र ‘झेड’मध्यें आहे, दुसरें यंत्र बिचारें ‘झेड’ शोधीत बसतें. दगड सांपडला नाहीं म्हणजे ब्लेंडर ती जागा भडक गुलाबी रंगानें भरतो, आणि हा गुलाबी रंग आपल्याला मोठा उपकारक आहे, कारण तो दुखणें काय तें स्वच्छ सांगतो. उपाय दोन. सर्व यंत्रांवर कोठाराचें नांव अक्षरशः एकच ठेवावें. आणि लागणारीं सर्व चित्रें वर्णनाच्या फाइलींतच भरून टाकावींत, म्हणजे शोधण्याचा प्रश्नच राहत नाहीं. यंत्रें निरनिराळ्या जातींचीं असतील तर अमुक नांव म्हणजे येथें झेड व तेथें अमुक फोल्डर, असा दुभाषा फ्लेमेंकोमध्यें लिहून ठेवतां येतो.

दुसरा दोष आवृत्तीचा. नऊ यंत्रांवर ब्लेंडरची एक आवृत्ति आणि दहाव्यावर जुनी, असें असलें तर दहावें यंत्र काम करतें, तक्रार करीत नाहीं, पण त्याचीं चित्रें किंचित् निराळ्या प्रकाशाचीं उतरतात. एकेक चित्र पाहिलें तर डोळ्यांस कांहीं कळत नाहीं. चलच्चित्र चालूं केलें म्हणजे मधून मधून दिवा फडफडल्यासारखें दिसतें. कांहीं यंत्रें मुख्य प्रोसेसरनें व कांहीं ग्राफिक कार्डानें चित्रें उतरवीत असलीं तरीही असा सूक्ष्म फरक पडण्याचा संभव असतो. जें यंत्र बंद पडतें तें चटकन् सांपडतें. जें यंत्र गोड बोलून निराळें काम करतें त्याचा शोध घेण्यांत आठवडा जातो. म्हणून पहिल्या दिवशीं प्रत्येक यंत्राकडून एकच चित्र उतरवून घ्यावें आणि दहाही चित्रें एकमेकांशीं ताडून पाहावींत. ही अर्ध्या तासाची परीक्षा पुढचा आठवडा वांचविते.

तिसरा दोष दाराचा. व्यवस्थापक जाळ्यावर हांक मारतो, पण त्याच्या यंत्रावरील फायरवॉल म्हणजे पहारेकरी कामकऱ्यांना आंत येऊं देत नाहीं. फ्लेमेंकोचें दार बहुधा ८०८० क्रमांकाचें असतें. तें उघडण्याची परवानगी पहारेकऱ्यास द्यावी लागते. कधीं एक यंत्र तारेवर असतें आणि दुसरें वाय-फायवर. दोन्हीं वेगळ्या आळींत असल्यामुळें हांक पोहोंचत नाहीं. तेव्हां व्यवस्थापकाचा पत्ता कामकऱ्याच्या हातीं लिहून द्यावा. मात्र हें दार खोलीपुरतेंच उघडावें. बाहेरच्या जगास तें उघडें ठेवणें म्हणजे रात्रीं घराला कडी न लावतां निजणें होय. कारण फ्लेमेंको आलेल्याची ओळख विचारीत नाहीं, तो आपल्याच घरचीं माणसें आहेत असें धरून चालतो.

चौथा दोष निद्रेचा. कळफलकास कोणी हात लावीत नाहीं असें पाहून संगणक अर्ध्या तासानें झोंपी जातो. आंत गणित चाललें आहे याची त्याला पर्वा नसते. किंवा मध्यरात्रीं त्याला स्वतःला अद्ययावत् करण्याची लहर येते व तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. या दोन्ही संवयी आधींच बंद कराव्या. जुन्या यंत्रांतील बटनाएवढा सेल संपला असेल तर वीज जातांच घड्याळ भलतीच तारीख दाखवूं लागतें. मग कोणत्या यंत्रावर आधीं काय घडलें हें नोंदींवरून जुळवितां येत नाहीं. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत, पारा चाळीस अंशांपुढें असतां, बंद खोलींत दहा यंत्रें रात्रभर तापविलीं तर तीं मंदावतात, प्रसंगीं बंदही पडतात. पंख्यावरची धूळ झाडणें हीही या विद्येंतली एक क्रियाच आहे.

चित्राचे दोष संख्येनें थोडे, पण हट्टी असतात. एखाद्या दृश्यांत झाडांचीं पानें इतकीं असतात कीं, सारें वर्णन यंत्राच्या स्मरणांत मावत नाहीं. सोळा गिगाबाइटचें यंत्र तें पुरें करतें, आठाचें यंत्र त्याच चित्रावर मान टाकतें. अशीं चित्रें बलवान् यंत्रांसाठीं बाजूला काढून ठेवावींत. सोप्या युक्तीनें काम करणारांस आणखी एक सूचना द्यावयाची आहे. एखादें यंत्र मध्येंच पडलें तर त्यानें ठेवलेली रिकामी फाइल तशीच राहते, आणि हें चित्र कोणी तरी घेतलेलें आहे असें समजून बाकीचीं यंत्रें तिला वळसा घालून जातात. म्हणून सकाळीं शून्य आकाराच्या फाइली शोधून पुसून टाकाव्या, म्हणजे तीं चित्रें पुन्हा वांटणींत येतात.

राहिला कोठाराचा दोष. वर्णनाची फाइल दोन गिगाबाइटची आहे असें समजा. जाळें शंभर मेगाबिटचें असेल तर ती एका यंत्रास पोहोंचविण्यास सुमारें अडीच मिनिटें लागतात. दहा यंत्रांनीं एकदम मागणी केली कीं पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ नुसत्या वाहतुकींत जातो. गिगाबिटच्या जाळ्यावर तेंच काम तीन मिनिटांच्या आंतबाहेर होतें. गंमत अशी कीं, गिगाबिटला केबलमधील आठही तारा धड असाव्या लागतात; एखादी तुटली तर वेग गुपचूप शंभरावर घसरतो आणि यंत्र चकार शब्द काढीत नाहीं. ‘संगणक मंद आहे’ अशी ज्याची तक्रार असते त्याचा पुष्कळ वेळां दहावीस रुपयांचा कनेक्टर सैल झालेला असतो. कोठारांत जागा उरली आहे कीं नाहीं हेंही आधीं पाहून घ्यावें.

सर्व उपायांच्या मुळाशीं एकच शिस्त आहे. प्रथम एका यंत्रावर, जाळें न वापरतां, एक चित्र उतरवावें. तें उतरलें तर तेंच चित्र त्याच यंत्रावर कोठारांतून उतरवावें. मग दुसरें यंत्र घ्यावें. मग दहा. ज्या पायरीवर पाय अडखळेल तेथेंच दोष आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय बदललें तें वहींत लिहावें. यंत्र थांबतांना लॉगमध्यें कांहीं ओळी लिहून जातें. त्यांतली शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते, कारण तिच्या वर कोठें तरी असतें. म्हणून वरून खालीं वाचीत यावें.

या इर्जिकेला मर्यादाही आहे. दहा भांड्यांत दूध ओतलें म्हणून दहीं दहापट लवकर लागत नाहीं. नदीचें पाणी वाहतें, वस्त्र फडफडतें, धूर उठतो. अशा गणितांत प्रत्येक क्षण मागच्या क्षणावर अवलंबून असतो. तें एका यंत्रानें आरंभापासून शेवटपर्यंत करून कोठारांत ठेवावें लागतें. त्यानंतरच तें चित्र उतरविण्याची वांटणी करतां येते. ही पायरी विसरली तर प्रत्येक यंत्र आपापला निराळा धूर काढतें. वांटणी कोणत्या कामाची होते आणि कोणत्याची होत नाहीं हें ओळखणें हाच या विद्येचा गाभा आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप हिंगोलीसारख्या ठिकाणीं कशाला? त्याला मी दोन उदाहरणें देईन. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत जन्मलेल्या विजय भटकरांनीं पुण्यास सी-डॅक संस्थेंत १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यांत एकच अचाट मेंदु नव्हता. अनेक साध्या प्रोसेसरांना एका जाळ्यांत गुंफून, कामाची वांटणी करून तें बळ आणलें होतें. दुसरें उदाहरण ‘आईन्स्टाईन ॲट होम’ या योजनेचें. २००५ सालीं ती सुरू झाली. जगांतील हजारों लोक आपले घरगुती संगणक रिकाम्या वेळीं लायगोच्या व रेडिओ-दुर्बिणींच्या नोंदी तपासण्यास तिच्यामार्फत देतात. २०१० सालीं तिनें एक नवा स्पंदक तारा शोधला. त्याचा माग लागला तो कोण्या महासंगणकावर नव्हे. अमेरिकेंतील आयोवा राज्यांतल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनींतल्या एका गृहस्थाच्या घरच्या यंत्रांवर लागला. हिंगोलीच्या घरचा संगणकही त्या इर्जिकेंत आज उतरूं शकतो. त्याला कोणाची शिफारस नको.

औंढ्याजवळ जें यंत्र उभें राहावयाचें आहे तें देशाच्या पैशानें आणि जगाच्या विद्येनें उभें राहील. जमीन हिंगोलीची असेल. पण केवळ जमीन देणाऱ्या गांवाच्या वांट्यास रस्ता, पहारा आणि प्रेक्षकांची वर्दळ एवढेंच येतें, हें धरणांच्या व कारखान्यांच्या कांठीं आपण पाहिलें आहे. त्या नळ्यांतून येणाऱ्या नोंदी वांटून घेण्यास, बिघडलेला कामकरी हुडकून काढण्यास, रात्रीं तीन वाजतां कोणतें यंत्र कां थांबलें हें सांगण्यास माणसें लागतील. तीं सर्व बाहेरून यावींत कीं त्यांत वसमतचीं व सेनगांवचीं मुलेंमुलीही असावींत, याचा निर्णय मंजुरीच्या कागदांत होणार नाहीं. तो संध्याकाळीं पांचनंतर कुलूप लागणाऱ्या संगणकांच्या खोल्यांत होईल.

त्या खोल्या रात्रीं उघड्या ठेवण्यास शिक्षकांना व संस्थाचालकांना थोडी तोशीस पडेल. एक जबाबदार माणूस लागेल, विजेचे कांहीं युनिट जातील. परंतु आपल्या गांवच्या देवळाचें, आपल्या नदीचें, नामदेवांच्या नर्सीचें पांच मिनिटांचें चलच्चित्र दहा यंत्रांकडून आठ रात्रींत उतरवून घेतलेल्या विद्यार्थ्यास पुढें अडीच लक्ष नमुन्यांची वांटणी समोर आली तर ती परकी वाटणार नाहीं. दहा औतें बांधावर आलीं म्हणजे शेत आपोआप नांगरलें जात नाहीं. कोणी कोठून तास धरावयाचा यावर आधीं सर्वांचें एकमत व्हावें लागतें. संगणकांचें एकमत करणें हें माणसांचें काम आहे, आणि तें शिकण्यास हिंगोलीहून योग्य जागा मला तरी आज दुसरी दिसत नाहीं.